चर्चच्या माळ्यावरची पायपेटी

मित्रांनो, माझे वय एकशे सोळा वर्षे आहे. पोटात वारा भरला की मी गाते, नाही भरला की गप्प बसते. मी आहे एक पायपेटी. तुमच्याकडे भजनाला जी हातपेटी असते ना, तिची मी थोरली बहीण. ती मांडी घातलेल्या माणसापुढे मुकाट बसते. माझे तसे नाही. माझ्यापुढे स्टुलावर ताठ बसावे लागते, दोन्ही पायांनी खालच्या फळ्या आळीपाळीने दाबाव्या लागतात आणि दोन्ही हातांनी वाजवावे लागते. उंचीने मी पुरुषभर आहे. माझ्या छातीवर ओढायच्या अकरा खुंट्या आहेत. त्यांतल्या दोन कशासाठी आहेत ते आता कोणालाच आठवत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

माझा जन्म विलायतेतला. कोणत्या कारखान्यातला ते सांगता येत नाही, कारण कपाळावरची सोनेरी अक्षरे केव्हाच पुसली गेली. अक्रोडाचे लाकूड, वाऱ्याने थरथरणारे पितळेचे पातळ सूर आणि मेंढीचे चामडे एवढ्यावर माझा देह घडला. बोटीने मुंबई, आगगाडीने कोल्हापूर आणि स्टेशनपासून बैलगाडीने मी या दगडी चर्चमध्ये आले. इथे मुख्य दाराच्या डोक्यावर एक लाकडी माळा आहे. गाणाऱ्यांनी तिथे उभे राहायचे आणि खाली बसलेल्यांनी मागे वळून न बघता ऐकायचे, अशी साहेबलोकांची रीत होती. आठ हमालांनी दोर लावून मला वर चढवले. त्या दिवसापासून मी खाली उतरलेले नाही.

माळ्यावर मी काय वाजवत असे? अँथम. हा शब्द ऐकून दचकू नका. प्रार्थनेत सगळ्यांनी उभे राहून म्हणायचे ते गीत. अँथम मात्र एकट्या गायनवृंदाने गायचे आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचे. शब्द पवित्र शास्त्रातले, बायबलातलेच असतात, पण चार आवाज ते आपसांत वाटून घेतात. बायकांचा उंच आवाज पुढे धावतो, त्याच्या खालचा त्याला आवरतो, पुरुषांचा वरचा आवाज मध्येच काहीतरी वेगळे बोलून जातो आणि खर्ज सगळ्यांना पाठीवर घेऊन चालतो. शेवटी चौघे एका आमेनवर येऊन भेटतात. साहेब होते तोवर हे सारे इंग्रजीत चाले. साहेब गेले, बाके रिकामी झाली आणि पुढची काही वर्षे माझ्यावर कबुतरांखेरीज कोणी बसले नाही.

मग आकाराम गुरुजी आले. ते शाळेत शिकवत आणि रविवारी इथे येत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा भाता उघडला आणि डोक्याला हात लावला, कारण उंदरांनी चामड्याची चाळण केली होती. गुरुजी हटले नाहीत. कोल्हापुरातल्या पापाच्या तिकटीजवळच्या एका चपला शिवणाऱ्या कारागिराला ते हाताला धरून माळ्यावर घेऊन आले. त्या भल्या माणसाने मला आतून नवे चामडे चढवले. त्यामुळे मी अंगाने विलायती आणि पोटाने कोल्हापुरी झाले, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

गुरुजींनी मराठी शब्दांवर चार आवाजांची अँथम रचली. वहीवर त्यांना मोठी मोठी नावे असतील, पण गायनवृंदाने आपली घरगुती नावे ठेवली. एक दिवेलागणीचे. एक कोडोलीचे, कारण कोडोलीला गायला गेल्यावर त्यात खर्जवाले सगळे एकदम चुकले होते. एक आक्कांचे, कारण त्यात कुरुंदवाडच्या आक्का एकट्या गात आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना धार लागे. आणि सगळ्यांचे लाडके ते पायऱ्यांचे अँथम. त्यात प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा एक पायरी वर शिरतो.

गाणारे माझ्या मागे भिंतीपर्यंत तीन रांगांत उभे राहत; एका रांगेत दोन आवाज असत. माझी पाठ उंच असल्यामुळे मागच्यांना गुरुजींचा हात दिसत नसे, म्हणून गुरुजींनी एक युक्ती काढली. ज्या रांगेचा आवाज शिरायचा, त्या रांगेने उजवी टाच एकदम फळीवर आपटायची. मग कोणाला बघायची गरज उरत नसे. खालच्यांना वाटे, लांब कुठेतरी ढग गडगडला. ही युक्ती आमच्या चर्चची खूण होऊन बसली. दुसऱ्या गावचे गायनवृंद यायचे आणि आमची टाच ऐकून माना डोलवायचे.

गुरुजींनीच आणखी एक प्रथा पाडली. भात निघाल्यावर हंगामाचा रविवार येतो. त्या दिवशी वेदीपुढे लोंब्या, ऊस, गुळाची ढेप, चंदगडचे काजू असे सगळे मांडतात. त्याच्या आधीचा महिनाभर लोक दानाच्या थैलीत चिठ्ठ्या टाकतात आणि आपले आवडीचे अँथम कळवतात. ज्याला जास्त चिठ्ठ्या, ते त्या रविवारी गायचे. आणि ते गाताना, या गायनवृंदात जो कोणी कधी काळी गायला असेल त्याने माळ्यावर यायचे, मग तो आता आजोबा का असेना. एरवी माझ्या मागे चौदा माणसे असतात. हंगामाच्या रविवारी चाळीसच्या वर भरतात. पहाटेच्या एसटीने चंदगडहून येतात, कुरुंदवाडहून येतात, एकमेकांची पोटे सुटलेली बघून हसतात आणि दाटीवाटीने उभे राहतात. वर्षभरात मी त्याच एका दिवसाची वाट बघत असे.

मित्रांनो, इथपर्यंतचे सांगताना मला मजा आली. पुढचे सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगितलेच पाहिजे.

आमच्याकडचा पाऊस पश्चिमेचा, आणि माळ्याच्या तुळया नेमक्या पश्चिमेच्या भिंतीत शिरलेल्या. कौले सरकली आणि भिंतीतून पाणी झिरपू लागले. त्याच सुमारास माळ्याच्या खालच्या बाजूला पांढरेशुभ्र नवे छत लावले, कारण जुन्या तुळया उघड्या दिसणे कोणाला बरे वाटत नव्हते. छत सुंदर झाले. लोकांनी त्याखाली उभे राहून फोटो काढले. तुळया मात्र त्या दिवसापासून कोणाच्या नजरेला पडल्या नाहीत. मला त्या दिसत नव्हत्या, पण ऐकू येत होत्या. दुपारी चर्च रिकामे असले की खालून बारीक आवाज येई, कोणी दाताने वाळका पाव कुरतडावा तसा. माझ्या पाठीमागे पालींचे एक जुने कुटुंब राहत असे. एका वर्षी ते निघून गेले आणि पुन्हा आले नाही.

त्यानंतर माझा एक सूर बिघडला. माझ्या प्रत्येक पट्टीखाली एक झडप असते. ती नीट बसली तर सूर बंद होतो. माझे अंग जरा जरी पिळवटले तरी झडप अर्धवट उघडी राहते आणि पायाने वारा भरताच सूर आपोआप घुमू लागतो. माझा मागचा, भिंतीकडचा पाय खाली जात होता, आणि खालचा एक जाड सूर न वाजवता घुमत होता. मी त्या सुराने सांगत होते की खाली काहीतरी चुकते आहे. लोकांना वाटले की म्हातारी गुणगुणते.

गुरुजींनी माझ्या मागच्या पायाखाली सागवानाची पाचर सारली. नखाएवढी पातळ होती ती. सूर बंद झाला आणि सगळे खूश झाले. पुढच्या वर्षी सूर परत आला, तेव्हा जरा जाड पाचर आली. गुरुजींनी अशा चार बदलल्या आणि मग ते वारले. त्यांच्या मागे त्यांची मुलगी क्रांती माझ्यापुढे बसू लागली. तीही शाळेत शिकवते, बापासारखीच सावकाश पाय मारते आणि कोणी नसले की माझ्याशी बोलते. दर वर्षी हंगामाच्या रविवारच्या आदल्या दिवशी ती तवनाप्पांच्या लाकडाच्या वखारीत जायची आणि थोडी जाड पाचर घेऊन यायची. पाचर का लागते हे तिने कधी विचारले नाही. बाबा लावायचे म्हणून ती लावायची. पेटीची काळजी घेणे म्हणजे पाचर बदलणे, असेच तिला घरात शिकवलेले होते. सात वर्षे तिने मनापासून ही चूक केली.

गेल्या हंगामाला सगळ्यात जास्त चिठ्ठ्या पायऱ्यांच्या अँथमला पडल्या. आदल्या शुक्रवारच्या तालमीला बाहेरगावचे निम्मे लोक हजर होते. पहिल्या रांगेने टाच आपटली तेव्हा माझ्या अंगातले सगळे सूर थरथरले. दुसऱ्या रांगेने आपटली तेव्हा खालच्या छतातून कसली तरी भुकटी बाकांवर पडली. झाडूवालीने ती सकाळी झाडून टाकली आणि कोणाला काही बोलली नाही. आक्का एक्याऐंशीच्या आहेत, तरी पहिल्या रांगेत उभ्या राहतात. तालीम संपल्यावर त्या म्हणाल्या, की आज फळीतून पायाला गार वारा लागतो. सगळे हसले. कोणीतरी त्यांना मोजे घालायला सांगितले. मी मात्र हसण्याच्या अवस्थेत नव्हते. माझा जाड सूर त्या दिवशी तालीमभर घुमत होता आणि तिसऱ्या रांगेतली पोरे त्याची नक्कल करत होती.

शनिवारी सकाळी क्रांती वखारीत गेली. तिथे काय झाले ते तिने दुपारी माझ्याजवळ बसून सांगितले, म्हणून मला माहीत आहे. तवनाप्पा हातकणंगल्याकडचे जैन गृहस्थ आहेत, लाकडात आयुष्य गेलेले. गुरुजींच्या ओळखीमुळे ते दर वर्षी पाचर स्वतः कापून देत. या वेळी क्रांतीने बोटांनी जाडी दाखवली तेव्हा त्यांनी करवत खाली ठेवली.

"बाई, एक इचारू का?" ते म्हणाले. "पेटी काय वाढत न्हाय. मग पाचर का वाढायलीया?"

ते पुढे म्हणाले, "तुमच्या बाबांनी पैली नेली ती नखाएवढी हुती. आज तुमी मूठभर मागालाय. पेटीचं सोडा, खालचं बघा."

ती तशीच परत आली. पाचर आणलीच नव्हती. माळ्यावर येऊन तिने प्रथम माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघितले. फार पूर्वी भिंत रंगवली तेव्हा फळीला लागून एक निळा पट्टा ओढलेला होता. आता त्या पट्ट्याच्या खाली चार बोटे रुंद, न रंगवलेला उघडा दगड दिसत होता. फळी चार बोटे खाली गेली होती. आम्ही सगळे तिच्यासकट खाली गेलो होतो आणि वर्षानुवर्षे तिच्यावर उभे राहून गात होतो. क्रांती पाय न वाजवता, भिंतीला धरून जिन्यापर्यंत गेली आणि पायरीवर बसून राहिली.

गायनवृंद आता तिचा चुलतभाऊ विश्वजित चालवतो. माणूस मनाचा चांगला, पण घसा मोठा आणि ऐकून घेण्याची सवय कमी. तो खुर्च्या मांडायला आला तेव्हा तिने त्याला पट्टा दाखवला आणि उद्या सगळ्यांनी खाली गायचे असे सांगितले. तो म्हणाला, रंगाऱ्याने वाकडा पट्टा ओढला असेल. ती म्हणाली, छताची एक फळी काढून बघू. तो म्हणाला, उद्या सण आणि आज छत फोडू का? तिने चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला. ते नवीनच बदलून आलेले, त्यात बैठकीसाठी पुण्याला गेलेले. गायनवृंदाचे सगळे विश्वजित बघतात, एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला.

"ताई, शंभरावर वर्सं झाली, माळा हाय तिथं हाय," विश्वजित म्हणाला. "तुझ्याच बाबांनी आमाला हितं टाच आपटायला शिकवलं. आणि आता तूच भ्या दाखवायलीस व्हय?"

तिला ते लागले. बाबांचे नाव काढले की ती गप्प होते हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. तो निघून गेला आणि क्रांती माझ्यापुढच्या स्टुलावर बसली. बराच वेळ तिने पायाने वारा भरला नाही. उद्या या फळीवर शेहेचाळीस माणसे उभी राहणार होती. त्यांत रविवारच्या शाळेतली नऊ मुले होती. आणि तिन्ही रांगा एका पाठोपाठ एक टाच आपटणार होत्या. मी हे सगळे जाणत होते. आता तीही जाणत होती, आणि तिचे कोणी ऐकत नव्हते. इतकी भीती मला उंदरांचीही वाटली नव्हती.

माझ्या खालच्या कप्प्यात गुरुजींची हत्यारांची पिशवी असते. क्रांतीने ती काढली. त्यात चामडे कापायची रापी होती, अजून धारदार. तिने माझा मागचा दरवाजा उघडला, भात्यावर हात ठेवला आणि थांबली. याच चामड्याला ती दर दिवाळीला तेल लावते. मला कळले ती काय करणार ते, आणि मित्रांनो, लपवत नाही, मला राग आला. मी काय केले होते? जी चुकली ती तुळई, आणि रापी माझ्या पोटात?

"माफ कर," ती म्हणाली. "मला दुसरं काय सुचंना बघ."

मग तिने उभी चीर दिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरी आडवी दिली, म्हणजे रातोरात ठिगळ लावून भागू नये. माझ्यातला उरलासुरला वारा निघून गेला आणि इतकी वर्षे घुमणारा तो जाड सूर एकदाचा बंद झाला. ती भाता धरून रडली. मीही रडले असते, पण आता कशाने रडणार?

तिचा हिशेब सरळ होता. पेटी नाही तर माळ्यावर जायचे कारण नाही. रविवारी सकाळी तिने सगळ्यांना सांगितले, की भाता फाटला, पेटी वाजणार नाही, खालीच गाऊ. क्षणभर मला वाटले, जमले. पण विश्वजित हटणारा नव्हता. तो म्हणाला, पेटी फाटली तर फाटली, प्रथा मोडायची नाही. त्याने दोघांना हाक मारली आणि हातपेटी वर न्यायला सांगितली. लोक चेष्टामस्करी करत जिन्याकडे निघाले. चंदगडचे दोघे तर वर पोचलेही. त्यांच्या पावलांनी माझा मागचा पाय आणखी जरासा खचला. मी वाजू शकत नव्हते. आदल्या दिवसापर्यंत निदान घुमून तरी सांगता येत होते.

क्रांतीने त्या दोघांना खाली यायला लावले आणि स्वतः जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली. जिना अरुंद आहे. तिला ढकलल्याशिवाय कोणाला वर जाता येणार नव्हते.

"भाता फाटला न्हाय," ती म्हणाली. "मी कापलाय. काल, ह्या हातानं. वर कुणी जायचं न्हाय."

पुढच्या बाकांवरची माणसेसुद्धा वळून बघू लागली. विश्वजितचा चेहरा लाल झाला. तिला वेड लागले आहे, तिच्या बापाची शंभर वर्षांची ठेव तिने सणाच्या दिवशी नासवली, असे तो सगळ्यांदेखत म्हणाला. मागून कोणीतरी तिला बाजूला करा असे म्हणाले. दोघे पुढेही सरसावले. तिने हात खाली घेतले नाहीत.

तेवढ्यात आक्का काठी टेकत आल्या आणि सरळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर, क्रांतीच्या पायाशी बसल्या.

"इश्वा, जरा दमानं घे," त्या म्हणाल्या. "ही पोरगी त्या पेटीला कधी वल्ल्या फडक्यानं पुसत न्हाय, पाणी लागंल म्हणून. तिनं रापी चालवली म्हंजी काय तरी हाय. मी खाली गाणार. ज्याला वर जायचंय त्यानं मला वलांडून जावं."

आक्कांना ओलांडून जाईल असा माणूस त्या गायनवृंदात नव्हता. एकेक करून सगळे मागे फिरले आणि वेदीजवळ दगडी फरशीवर उभे राहिले. विश्वजित शेवटी गेला, मान खाली घालून, रागाने. क्रांती हातपेटीवर बसली. तिची बोटे दोनदा चुकली. पायऱ्यांचे अँथम सुरू झाले आणि टाच आपटायची वेळ आली तेव्हा दगडावर नुसता चपलांचा चट असा आवाज झाला. गाणे काही रंगले नाही. ऐकणारे नाराज झाले, चंदगडचे लोक जेवायला न थांबता निघून गेले, आणि क्रांतीशी त्या दिवशी आक्कांखेरीज कोणी बोलले नाही. मी ते गाणे वरून ऐकले. इतक्या वर्षांत मी ते नुसते ऐकले नव्हते. मला ते आवडले, पण मला कोण विचारतो?

सोमवारी क्रांती तवनाप्पांना घेऊन आली. विश्वजितही आला, तिला खोटे पाडायला. तवनाप्पा शिडीवर चढले आणि त्यांनी पांढऱ्या छताची एक फळी काढली. मग एक लोखंडी सळई घेतली आणि भिंतीत शिरणाऱ्या तुळईला टेकवली. ठोकली नाही, नुसती दाबली. सळई मुठीपर्यंत आत गेली. आतून किड्यांनी पोखरलेला पिठासारखा भुगा सांडला आणि शिडी धरून उभ्या असलेल्या विश्वजितच्या डोक्यावर, खांद्यावर पडला. त्याने तो झटकला नाही. तवनाप्पांनी दुसरी तुळई बघितली, तिसरी बघितली. चौथी न बघताच ते खाली उतरले.

"ह्यात लाकूडच न्हाय," ते म्हणाले. "नुसता रंग हुभा हाय."

विश्वजित मटकन बाकावर बसला. मग त्याने विचारले, काल पोरे किती होती. क्रांतीने नऊ असे सांगितले. त्यांत त्याची राजवीर आणि अनुजा ही दोन होती, आणि ती तिसऱ्या रांगेत, भिंतीला लागून उभी राहणार होती. तो मोठमोठ्याने रडू लागला. क्रांतीने त्याच्या केसांतला भुगा हाताने झाडला.

मित्रांनो, आता माझे काय, असे तुमच्या मनात आले असेल. विश्वजितने मला वाचवायचे ठरवले होते. आठ माणसे आणतो, दोर लावतो, मीच पुढे होतो, असे तो क्रांतीच्या मागे लागला. एक जाणकार अभियंताही येऊन बघून गेले. त्यांनी सांगितले, की तुळयांची टोके भिंतीतच संपली आहेत, खालून टेकू देऊनही भरवसा नाही, वर माणूस चढवणे धोक्याचे आहे. माळा दाराबाहेरून साखळीने ओढून पाडावा लागेल, वर जे असेल त्यासकट. विश्वजित तरीही ऐकेना. तेव्हा क्रांती त्याला म्हणाली, "पेटीसाठी एकबी माणूस वर जायचा न्हाय. बाबा असते तर त्यांनीबी हेच सांगितलं असतं." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. मला मुळीच वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. मला खूप वाईट वाटले. पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

जिन्याला आता आडवी फळी ठोकली आहे. खालचा कुरतडण्याचा आवाज थांबलेला नाही. कधी कधी दुपारी फळी हलकेच कण्हते आणि माझा मागचा पाय केसभर खाली जातो. येत्या सोमवारी सकाळी माळा पाडणार आहेत.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगते. घरातली एखादी जुनी वस्तू, एखादे जनावर, एखादे म्हातारे माणूस सारखे कुरकुरू लागले तर त्याला नुसते गप्प करू नका. ते कशावर उभे आहे ते वाकून बघा. माझा सूर बारा वर्षे बंद करण्यात आला आणि बारा वर्षांत एकानेही वाकून बघितले नाही. तुमच्यातली कोणी मुलगी उद्या हात पसरून दारात उभी राहिली, तर तिला बाजूला ढकलण्याआधी का म्हणून विचारा.

आणि दुसरी गोष्ट सोमवारची. तुम्ही रविवारच्या शाळेतली मुले आहात, तुम्हाला मौज बघायला आवडते. त्या दिवशी चर्चच्या आवारात येऊ नका. मोठी माणसे सांगतील तिथे, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि क्रांतीबाईंचा हात धरून ठेवा. माझ्या पोटात आता वारा नाही, त्यामुळे पडताना माझ्यातून कुठलाच सूर निघणार नाही, पण लाकडाचा आवाज फार मोठा होईल. घाबरू नका. वर कोणी नसेल.